‘येथे बसू नये’ असे आणखी दोन फलक मिळण्याबाबत

दिनांक : १४ मे २०२५

प्रति,
मा. मानद उद्यान सचिव,
कृष्णातीर कर्मचारी गृहनिर्माण सहकारी संस्था,
राजाजीनगर, बेंगळुरू.

विषय : संस्थेच्या बागेतील ‘येथे बसू नये’ हा फलक जागेवरून न हलवण्याबाबत, तसेच त्याच मापाचे आणखी दोन फलक उभारण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. ८ एप्रिल व दि. २१ एप्रिलचे अर्ज. २) आपले दि. २ मेचे उत्तर. ३) दि. १० मे रोजी बागेच्या फाटकावर लागलेली सूचना.

महोदय,

संस्थेचा पत्रव्यवहार मराठीतच व्हावा, या पन्नास वर्षांपूर्वीच्या नियमाला धरून हा तिसरा अर्ज सादर करण्यात येत आहे.

१. अर्जदाराची आई, श्रीमती नीला केळुसकर (सदनिका क्र. १४), यांच्या कमरेच्या मणक्यावर फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. मणक्यात चार स्क्रू आहेत. डाव्या पायातली ताकद अजून पूर्ण आलेली नाही. सपाट जागेवर चालावे, पायाला मुंग्या आल्या की दोन मिनिटे बसावे आणि पुन्हा चालावे, हा त्यांचा उपचार आहे. बैठक पंचेचाळीस सेंटीमीटर उंच हवी. त्याहून खाली वाकण्यास मनाई आहे. सदनिकेची लांबी अकरा मीटर आहे. बाहेरच्या पदपथाबद्दल आपल्याला वेगळे सांगायला नको. उरते ती बाग, एक फेरी तीनशे दहा मीटरची.

२. आईंची रजा ३० जूनला संपते. त्यांच्या कार्यालयाच्या फाटकापासून प्रयोगशाळेतल्या त्यांच्या टेबलापर्यंत दोनशे ऐंशी मीटर अंतर आहे. ते अर्जदाराने स्वतः मोजले आहे. वाटेत बसायला काही नाही. ते चालता आले तर नोकरी, नाही तर मुदतपूर्व निवृत्ती, असा साधा हिशोब आहे. आईंना निवृत्त व्हायचे नाही. घरात बसून अर्जदाराच्या चुका काढण्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या मुलांच्या काढलेल्या बऱ्या, असे त्यांचे म्हणणे आहे.

३. दि. १० मार्चपासून आई बागेत येऊ लागल्या. तेव्हा फेरीवर सहा बाक होते. न थांबता चाललेले अंतर चार आठवड्यांत अनुक्रमे वीस, चव्वेचाळीस, अडुसष्ट आणि ब्याण्णव मीटर झाले. दि. ६ एप्रिलला सर्व बाक काढण्यात आले. दुपारी डिलिव्हरीवाले त्यांवर बसून डबा खातात, आणि बाग चालण्यासाठी आहे, असे कारण दिले गेले. बाक आता सभागृहात आहेत. उद्यान समितीची बैठक त्यांच्यावरच भरते, हे अर्जदाराने खिडकीतून पाहिले आहे. बैठक सव्वादोन तास चालली. कोणीही चालत नव्हते.

४. बाक गेल्यावर आईंचे अंतर अर्धे झाले. ब्याण्णव मीटर चालणाऱ्या माणसाला वाटेत बसता येणार नसेल, तर शेहेचाळीस मीटरवरून परत फिरावे लागते. अर्जदाराने तीन दिवस घरची प्लास्टिकची खुर्ची मागोमाग वाहून नेली. चौथ्या दिवशी ती ‘बाहेरील वस्तू’ म्हणून जप्त झाली. पहिल्या अर्जावर आपण तोंडी म्हणालात, “आज आईंना बाक दिला तर उद्या सगळेच मणके दाखवायला येतील.” आणि दि. १९ एप्रिलला कडेच्या हिरवळीजवळ सिमेंटच्या चौथऱ्यावर ‘येथे बसू नये’ हा फलक उभा राहिला.

५. दुसऱ्या अर्जाला अर्जदाराने वरील चार आकड्यांचा आलेख जोडला. ती चूक अर्जदाराची. विज्ञान शिकलेल्या माणसाला वाटते, की आलेख पाहिल्यावर समोरच्याला तेच दिसेल. आपल्याला त्यात असे दिसले : दर आठवड्याला चोवीस मीटर वाढ होत आहे, म्हणजे रुग्ण साधारण नऊ आठवड्यांत पूर्ण फेरी न बसता मारतील, सबब बाकाची गरज आपोआप संपुष्टात येत असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.

अर्जदाराने तीच रेषा पुढे ओढून पाहिली. अठ्ठावीस वर्षांनी आई राजाजीनगरहून निघून साधारण पस्तीस किलोमीटरवरच्या देवनहळ्ळीपर्यंत न बसता चालत जातील. तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी असेल. मागे ओढली तर बागेत येण्याच्या आदल्या आठवड्यात त्या उणे चार मीटर चालत होत्या. मुद्दा इतकाच, की ते चारही आकडे बाक असतानाचे आहेत. बाकांमुळे चढलेली रेषा दाखवून बाक नाकारण्यात आले. एप्रिलअखेर आईंचे अंतर ब्याण्णववरून सत्तरवर आले. पाय थकले म्हणून नव्हे. बसायला मिळणार नाही या धास्तीने.

६. आता आपल्या फलकाविषयी. त्याचा चौथरा बरोबर पंचेचाळीस सेंटीमीटर उंच असून फाटकापासून अठ्ठ्याऐंशी मीटरवर आहे. दि. ३ मेपासून आई त्यावर बसतात. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “या वयात मला गुन्हेगार केलंस गं वेदिका.” दुसऱ्या दिवशी स्वतःच रुमाल घेऊन आल्या, चौथरा पुसायला.

रखवालदार आप्पाजींना आपली लेखी सूचना आहे, की कोणी बसलेले दिसल्यास शिट्टी वाजवावी व नोंद करावी. ते दोन्ही करतात. आप्पाजी एकाहत्तर वर्षांचे आहेत. खिशातून शिट्टी काढायला त्यांना दोन मिनिटे लागतात. वाजवण्याआधी “अक्का, आता वाजवतो हां, दचकू नका,” असे ते म्हणतात. शिट्टी झाली की आई तत्काळ उठून चालू लागतात. नोंदवहीत अशा एकवीस घटना आहेत आणि एकवीसही वेळा आदेश पाळला गेला आहे. संस्थेच्या दुसऱ्या कुठल्याही नियमाला इतके यश मिळाल्याचे अर्जदाराच्या पाहण्यात नाही. शिट्टी किती सेकंदांत वाजवावी हे सूचनेत नाही, त्यामुळे आप्पाजींकडून काहीही चुकलेले नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे.

७. दि. १२ मे रोजी आई चौथऱ्यावरून उठल्या आणि परत न फिरता पुढे निघाल्या. बागेच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी बाक होता, तिथे फरशीत स्क्रूंची चार भोके आहेत. तिथे त्या करंजाच्या झाडाला धरून उभ्या राहिल्या. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. फाटकापासून ते अंतर एकशे पंचावन्न मीटर. “इथून दोन्हीकडं घर सारखंच लांब आहे,” त्या म्हणाल्या आणि जवळजवळ अर्धा तास तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी आप्पाजी आपली खुर्ची घेऊन आले. ती नोंद त्यांनी वहीत केलेली नाही.

८. अशा परिस्थितीत, चौथरा तोडून फलक तारेच्या कुंपणाला टांगण्याची जी सूचना दि. १० मे रोजी लागली आहे, ती मागे घ्यावी, ही विनंती. बाक मागण्याचा अर्जदाराचा आता मुळीच आग्रह नाही. संस्थेला बाक ठेवणे जड जाते, फलक लावणे जात नाही, हे अर्जदाराच्या ध्यानात आले आहे. म्हणून फाटकापासून एकशे शहात्तर व दोनशे चौसष्ट मीटरवर आणखी एकेक फलक उभारावा. त्यावर काय लिहायचे ते समितीने ठरवावे. बसू नये, थांबू नये, टेकू नये, काहीही चालेल. चौथरा मात्र पंचेचाळीस सेंटीमीटरचा असावा.

आपली नम्र व सध्या उभी,

वेदिका केळुसकर
सदनिका क्र. १४

सोबत :
१) चौथऱ्याची मापे, आकृतीसह.
२) जप्त खुर्ची परत मिळण्याचा स्वतंत्र अर्ज.
३) आलेख या वेळी जोडलेला नाही.