पहिल्या हाकेला ओ

भोर, ५ जानेवारी १९७०

एस.टी.तून उतरलो आणि अंबरनाथचा धूर नाकातून धुऊन निघाला. थंडी झकास आहे. किकवीच्या बाजूला माळावर आमचा गंधकी रंगांचा कारखाना, आणि मी तिथला पहिला सुरक्षा अधिकारी. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणारा. अशा माणसाचं स्वागत जावयाच्या थोरल्या भावासारखं होतं: मान भरपूर, पण मनातून सगळे विचारतात, हा परत कधी जाणार? मॅनेजरांनी हार घातला, पेढा भरवला. राहायला आवारातलीच खोली दिली आहे. स्वयंपाकाला फुलाबाई येतात, इथल्याच एका मयत कामगाराची बायको. आंबेमोहोराचा भात आणि पावट्याची आमटी. लाज सोडून तिसऱ्यांदा भात घेतला.

९ जानेवारी

सांडपाण्याचा हौद पाहिला, माझ्या खोलीच्या खिडकीसमोरच आहे. जमिनीत खोल, वर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. तळाच्या गाळातून विषारी वायू सुटतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू फार झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच मरतो. कामगारांना बसवून दोन गोष्टी सांगितल्या. वास एकाएकी थांबला की पळायचं. आणि आत कुणी पडला, तर मास्क आणि दोर असल्याशिवाय त्याच्यामागे उतरायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. काढायला गेलेलेच जास्त मरतात.

हे ऐकताना सगळ्यांच्या माना एकदम हौदाकडे वळल्या. मला ते आवडलं नाही.

कारखान्यातला एकुलता मास्क फाटका निघाला. तो पुण्याला दुरुस्तीला पाठवला. तो येईपर्यंत हौदाला कुलूप. मॅनेजरांचं तोंड वाकडं झालं, गाळ लवकर काढायचा आहे म्हणे.

१३ जानेवारी

आज संतापलो. हौदाजवळच्या पहाऱ्यावर गेनू असतो, गुंजवणे गावचा, चांगला धट्टाकट्टा माणूस. त्याला मागून हाक मारली. ऐकूनही गप्प. दुसऱ्या हाकेला वळला. मग लक्षात आलं, इथे सगळेच तसे. मुकादम सोनबांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "पहिल्या हाकेला ओ देत न्हाईत हितं. मेलेलं एकदाच हाक मारतं, साहेब. माणूस असंल तर परत मारंल."

मी म्हटलं, वायूत सापडलेल्या माणसाच्या छातीत दुसऱ्या हाकेपुरती हवा उरत नाही. एकच हाक येते. तुम्ही दुसरीची वाट बघत बसलात तर तो गेलाच. आजपासून नियम केला: पहिल्या हाकेला ओ द्यायची आणि धावत यायचं. न पाळणाऱ्याने घरी बसायचं.

सोनबा कामाला निघून गेले. गेनू तेवढा म्हणाला, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. एक तरी शहाणा निघाला.

१९ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली होती. हौदाकडून स्पष्ट हाक आली, "सोनबा." एकदाच. सोनबा भाकरी चावत राहिले, मान वर केली नाही. जाऊन पाहिलं. झाकण बंद, कुलूप शाबूत, किल्ली माझ्या खिशात.

हे कुणीतरी करतंय. मला घाबरवून घालवायचं आणि मग मास्कशिवाय गाळ काढून घ्यायचा. मॅनेजर दिवसभर जरा जास्तच गोड बोलत होते.

२२ जानेवारी

फुलाबाईंनी तवा घासता घासता सांगितलं. गेल्या साली त्यांचे मालक सावळाराम एकटेच हौदात उतरले होते. दुपारी आतून हाक आली, "जगन." जगन त्यांचा धाकटा भाऊ. तो ओ देऊन उतरला, तो वर आलाच नाही. दोघांनाही गळ टाकून काढलं. जगनचं अंग ऊन होतं. सावळाराम लाकडासारखे ताठ झाले होते. डॉक्टर म्हणाले, हा सकाळीच गेलाय.

"मंग दुपारी हाक कुणी मारली, साहेब?"

मॅनेजर म्हणतात, डॉक्टर प्यायलेला होता. मला आता मॅनेजरांचा भरवसा नाही, फुलाबाईंचाही नाही. जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी

कुलूप आणि कडी जागच्या जागी. झाकण मात्र सरकलेलं. दुसरी किल्ली कुणाकडे आहे? सगळे नाही म्हणतात. हौदाजवळ सडका वास, डोकं उठलं. मास्क तयार असल्याचा निरोप आला. गेनूला लगेच पुण्याला पिटाळलं. उद्या दुपारच्या एस.टी.ने येईल.

२५ जानेवारी

रविवार. आवारात कुणी नाही. झाकण सताड उघडं—मी काल स्वतः लावलं होतं. वास अजिबात नाही.

वास नाही.

दुपार

हाक आली. "साहेब." गेनूचा आवाज. हौदातून. एकदाच.

गेनू पुण्याला गेलाय. की गेलाच नाही? मी त्याला एस.टी.त चढताना पाहिलेलं नाही. मॅनेजरांनी अडवून परस्पर हौदात उतरवला असेल तर—

मी ओ दिली नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघतोय. मी! खरा गेनू असला तर दुसरी येणारच नाही, हे शिकवणारा मीच.

लिहीत राहायचं. हात थांबला की पाय हौदाकडे जातील.

फाटक वाजलं. गेनू! बाहेरून येतोय, खांद्यावर मास्कची पेटी. जिवंत आहे. रडू आलं, अक्षरशः रडलो.

आता हौदातून पुन्हा—माझा आवाज. "गेनू." मी तोंडही उघडलेलं नाही.

तो "ओ, साहेब" म्हणाला. पहिल्याच हाकेला. पेटी टाकून धावतोय. खिडकीतून ओरडलो, थांब, तो मी नाही—वारा तिकडून इकडे, त्याला ऐकूच—

शिडीवर आहे. डोकं दिसेनासं झालं.

पेटी तिकडे फाटकाशी. हौद इथे, समोर. आधी पेटी. आधी पेटीच, मला माहीत आहे. पण तो माझ्या नियमाने उतरला—श्वास रोखून नुसतं वाकलं तरी हात पोचेल, दोर बांधायला