टाळ्या नाहीत, चुटक्या

२४ ऑगस्ट

आले एकदाची! माझी ट्रंक तिसऱ्या मजल्यावर ओढताना मॅडिगन म्हणाली, ब्रिन, आख्खं मक्याचं शेत भरून आणलंस की काय? कॉलेजच्या या भगिनीमंडळाच्या घरात प्रत्येक नव्या मुलीला वरच्या वर्गातली एक 'थोरली' मिळते; मला ही मिळाली. ओमाहा शहरातली, एकुलती एक, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. मी तिची 'धाकटी'. तो शब्द ऐकून गलबलून आलं. घरी थोरली मीच होते. माझी धाकटी बहीण लॉटी बर्फावर गाडी घसरून गेली, त्याला येत्या हिवाळ्यात दोन वर्षं होतील.

रात्री जेवायला चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि सोबत दालचिनीचे गोड रोल, अगदी आमच्या गावाकडच्या शाळेत मिळायचे तसे. म्हणजे माणसं आपलीच आहेत.

७ सप्टेंबर

इथे दर रविवारी दुपारी 'सदस्य-विकास' असतो. नुसता नव्या मुलींना नाही, पदवी मिळेपर्यंत सगळ्यांना. आज हात कसा मिळवायचा आणि मुलाखतीत पाय कसे ठेवायचे ते शिकलो. मी म्हटलं, आमच्याकडे बैल विकायला काढतानाही एवढी तयारी करत नाहीत. सगळ्या खिदळल्या. माझा भाव जरा वधारलाय.

१४ सप्टेंबर

आज 'ओझं उतरवणं' होतं. पडदे ओढून सगळ्या गोल बसतात, मेणबत्ती हातोहात फिरते, आणि ती जिच्या हातात येईल तिने मनातलं बोलायचं. बोलून झालं की टाळ्या नाहीत, चुटक्या वाजवायच्या. अशा घरांतली ही जुनीच रीत. मी लॉटीबद्दल सांगितलं. ती गायींना शाळेतल्या बाईंची नावं द्यायची, आणि आज क्रूगरबाईंनी बादली लाथाडली असं बाबांना अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायची.

खूप हलकं वाटलं. आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुला तरी बरं वाटतंय ना, मग झालं.

१८ सप्टेंबर

नाश्त्याला मॅडिगनने तिच्या बहिणीचा किस्सा सांगितला. ती गायींना बाईंची नावं द्यायची म्हणे! हसून हसून पोट दुखलं. वर आल्यावर डोक्यात आलं, हिला बहीण कुठली? आणि ओमाहाच्या फ्लॅटमध्ये गाय?

आईला फोनवर ती गंमत सांगितली. ती म्हणाली, अगं, असं काय करतेस, ती आपली लॉटी. रविवारी तूच नाही का सांगितलंस?

२१ सप्टेंबर

आज बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण बोलल्याशिवाय मेणबत्ती पुढे जात नाही. सगळ्या चुटकीसाठी बोटं जुळवून वाट बघत बसल्या. मेण हातावर ओघळलं. रागावलं कुणीच नाही. मॅडिगन पाठीवरून हात फिरवत राहिली, बोल गं बाळा, मोकळी हो. शेवटी बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

जेवताना समोरची मुलगी रडायला लागली. तिची बहीण बर्फावर घसरलेल्या गाडीत गेली म्हणाली. बिचारी. मी तिला जवळ घेतलं.

५ ऑक्टोबर

मला एक बहीण होती, हे मला माहीत आहे. एखाद्या राज्याची राजधानी माहीत असते, तसं. फोटोतली मुलगी गोड आहे. दुखत नाही. मला दुखायला हवंय. घसा फाटेस्तोवर रडायचंय, आणि कुणासाठी ते सापडत नाही. दुःख चुटकीसरशी गेलं— तिला घेऊन गेलं.

आता लॉटी फक्त आईकडे उरली आहे.

८ ऑक्टोबर

येत्या रविवारी सगळ्यांच्या आयांना बोलावलंय. त्याही गोलात बसणार— आईला म्हटलं, येऊ नकोस. आलीस तर तिचं नाव काढू नकोस, तुझ्या पाया पडते. का ते सगळं सांगितलं. तिला वाटलं, मला तिच्या रडण्याची लाज वाटते. म्हणाली, पोरी, मी अजून रोज एक ताट जास्त मांडते आणि उचलून ठेवते. मला एक दिवस तरी हलकं वाटू दे.

१२ ऑक्टोबर

आई आली. ऐकतच नाही. मॅडिगनने तिला दारातच मिठी मारली, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय म्हणाली. आज मी आईच्या शेजारी बसणार. मेणबत्ती आधी माझ्याकडे येईल. तेव्हाच सगळ्यांदेखत ओरडून सांगेन, मला कसली भीती वाटते ते. सगळंच सांगेन—

नंतर

सांगितलं वाटतं. कसली भीती होती कोण जाणे. चुटक्या वाजल्या. किती हलकं वाटतंय.

आईला रुमाल हवा होता, म्हणून वर आलेय. आता तिचा नंबर. जिन्यातून आवाज येतोय, कुणाबद्दल तरी बोलतेय, फार मायेने— कुणी लहान मुलगी—

चुटक्या.

आई हसतेय! किती दिवसांनी— कधीपासून हसली नव्हती बरं ती, आणि का—