ठेवणीतला मुलगा

आई,

बेसबॉल म्हणजे काय ते तुला सांगत बसत नाही. तू गेलीस तेव्हा मलाही ते कळत नव्हतं. इथला क्रिकेटसारखा खेळ आहे, एवढं तुला पुरे. आणि ज्याला तू कॉम्प्युटर शिकायला अमेरिकेला धाडलंस तो तुझा मुलगा गेली कित्येक वर्षं एका बेसबॉल टीमच्या ऑफिसात नोकरी करतो. खेळत नाही, घाबरू नकोस. मला अजून साधा झेल घेता येत नाही. मी आकडे बघतो. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, ज्यांना आज कुणी ओळखत नाही, ती पुढे पाच-सहा वर्षांनी काय होतील याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. जर्सी सिटीतली बँकेची नोकरी सोडून इकडे आलो तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, "म्हणजे आता तू ज्योतिषी झालास म्हण की." तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

त्या पोरांना इथे प्रॉस्पेक्ट म्हणतात. मी मनात त्यांना ठेवणीतली पोरं म्हणतो. शब्द तुझाच. आपल्या सोलापूरच्या घरातलं ते काचेचं कपाट आठवतं का, निळ्या फुलांच्या कपांचं? माझ्या सबंध लहानपणात त्या कपांतून कुणी घोटभर चहा प्यायलं असेल तर शपथ. एकदा दहावीतले मित्र आले म्हणून मी ऐटीत ते कप काढले, तर तू स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी धावत आलीस. "ठेव आधी! ठेवणीतले आहेत ते!" मित्रांसमोर माझी पार शोभा झाली. ते गेल्यावर मी तणतणलो, की कुणासाठी ठेवलेत एवढे, राष्ट्रपती येणार आहेत का आपल्याकडे? तू म्हणालीस, "येईल की वेळ." बस. तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीची वेळ यायची असायची. चांगली चादर, जरीची साडी, दोन बोटं उरलेलं अत्तर, सगळ्यांची वेळ यायची होती.

गेल्या जुलैत आमची टीम जिंकत होती. आमच्याकडे हे क्वचितच घडतं, त्यामुळे सगळं गाव वेडं झालं होतं. आमचा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, पण प्रत्येक चेंडूला उकिडवा बसणारा माणूस, त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. सगळं आयुष्य ह्या एकाच टीममध्ये काढलं बिचाऱ्याने आणि फायनल कधी खेळायला मिळाली नाही. गुडघे कामातून गेलेले. जिना उतरताना कठडा धरून उलटा उतरायचा, पण तोंड अखंड चालू. मला 'प्रोफेसर' म्हणायचा. सीझन सुरू व्हायच्या आधीच माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "प्रोफेसर, यंदा एकदा माझ्यासाठी काहीतरी कर बाबा. पुढच्या वर्षी मी घरी बसून टीव्हीवर तुम्हाला शिव्या घालणार आहे." मी हसलो. करू या म्हणालो. इथे सगळेच म्हणतात, करू या.

आणि तो मुलगा. आमचा सगळ्यात ठेवणीतला. समुद्रापलीकडच्या एका बेटावरून आलेला, एकोणीस वर्षांचा, अंगाने काटकुळा, पण चेंडू त्याच्याकडे गेला की आम्ही ऑफिसातली माणसं बोलायचं थांबायचो. इंग्लिश येत नव्हतं. सरावाच्या दिवसांत कॅचर त्याला रोज सकाळी आपल्या ट्रकमधून मैदानावर आणायचा आणि वाटेत इंग्लिश शिकवायचा, सुरुवात अर्थातच शिव्यांपासून. त्याला स्वतःच्या बायकोच्या हातचं जेवायला घालायचा. पोरगं त्याच्या मागेमागे असायचं.

जुलैच्या अखेरीपर्यंत दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल करता येते. नंतर दार बंद. आम्हाला एक चांगला पिचर, म्हणजे बोलर, कमी पडत होता. तो एका टीमकडे होता, पण ऑक्टोबरपर्यंतचाच. मग त्याचा करार संपणार. बदल्यात त्यांना हा मुलगा हवा होता, दुसरा कुणी नको. हा दिला तर यंदा कॅचरला फायनल दिसायची शक्यता. ठेवला तर पुढची दहा वर्षं टीमला चिंता नाही. माझी बॉस टेबलाभोवती एकेकाला विचारत आली. कुणी म्हणालं द्या, कुणी म्हणालं ठेवा. माझ्यापाशी येऊन थांबली. "हा तुझा विषय आहे. बोल." मी आलेख दाखवले. मुलगा कुठवर जाईल ते दाखवलं. पिचर आला तरी जिंकूच याची खात्री नाही, हेही दाखवलं. समोरचा एक जण वैतागून म्हणाला, "आणि आपण आत्ता जिंकतोय, त्याचं काय?" मी म्हणालो, "आत्ताचं आत्ता संपतं. ह्याला ठेवा." बॉसने मान हलवली. संपलं. त्या खोलीत तो मुलगा नव्हता आणि कॅचरही नव्हता. खेळाडूंना विचारायची इथे पद्धत नाही.

सप्टेंबर संपता संपता आम्ही बाहेर पडलो. अगदी थोडक्यात. बोलिंगच कमी पडली, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आपापली कपाटं रिकामी करत होते. कॅचर कॉरिडॉरमध्ये दोन्ही गुडघ्यांना बर्फ बांधून बसला होता. मी मान खाली घालून निघून जाणार होतो, पण त्याने हाक मारली. म्हणाला, "प्रोफेसर, बरोबर केलंस. पोरगं चांगलं निघेल बघ. माझं काय, माझं झालं." आणि हसला गं. चक्क हसला. मी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो आणि हमसून हमसून रडलो. कारण हे वाक्य मला पाठ होतं. शब्द न् शब्द. 'माझं काय, माझं झालं.'

मी निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ऑगस्ट आहे, बॅग भरून झाली आहे, बाबा तिचं वजन करायला शेजाऱ्यांकडून काटा आणायला गेले आहेत. मी स्वयंपाकघरात येतो तर ओट्यावर ते निळ्या फुलांचे कप. दोनच. तू चहा गाळते आहेस. मी म्हणतो, "बाप रे! कोण पाहुणे येणार आहेत?" तू म्हणतेस, "येणार कुणी नाही. एक जण जाणार आहे." मला वाटतं, माझ्याबद्दलच बोलते आहेस. आपण ओट्याला टेकून उभ्याउभ्या चहा पितो. तू उजवा हात जरा जपून उचलते आहेस. मी विचारतो, काय झालं? "काही नाही रे, पापड लाटून लाटून अवघडलाय." मग तू तुझा कप धुतेस, पुसतेस, माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळतेस आणि बॅगेत खुपसतेस. "वापर हं. ठेवून देऊ नकोस." आकडेमोड करून पोट भरणारा माणूस मी. पण आयुष्यात पहिल्यांदा तू आपण होऊन ते कप कपाटातून बाहेर काढलेस आणि मला त्याचा अर्थ लागला नाही.

तुला होळीच्या सुमाराला छातीत गाठ लागली होती. होळी! मी गेलो ऑगस्टमध्ये. सगळा उन्हाळा तू माझे लाडू वळलेस, व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जाताना माझा शर्ट इस्त्री केलास आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. बाबांनाही नाही. मला विमानतळावर सोडून परतताना, लोणावळ्याच्या पुढे कुठेतरी, तू त्यांना म्हणालीस, "विमान उडालं. आता माझं बघू या. उद्या डॉक्टरांकडे जाऊ." बाबांनी हे मला नंतर सांगितलं. तोवर कॅन्सर सगळीकडे पसरला होता.

मी डिसेंबरमध्ये धावत आलो. तू पलंगावर, जरीच्या साडीपेक्षाही हलकी झालेली. परतीचं तिकीट मी रद्द केलं हे तुला कळलं आणि तू भडकलीस. एवढीशी झालेली बाई, पण आवाज तोच, कपांच्या वेळचा. "तिकीट कॅन्सल केलंस? कुणाला विचारून?" मी म्हणालो, तू बरी हो, मग जातो. तू तोंड भिंतीकडे वळवलंस. थोड्या वेळाने माझा हात ओढून घेतलास आणि म्हणालीस, "तू शीक रे. माझं काय, माझं झालं." जानेवारीत तू गेलीस.

कुणाला विचारून! हे तू मला विचारावंस? आई, मी अजून चिडलेलो आहे तुझ्यावर, आज सांगतो. इथल्या कॉलेजात प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो. एक ईमेल लागतो, एक. तू कोण लागून गेलीस एकटीने ठरवणारी? आणि ठेवलंस ते तरी काय ठेवलंस? मी माझ्या कामाच्या नजरेने स्वतःकडे बघतो कधीकधी. बरा निघालो. वाईट नाही, पण बरा. घर आहे, बायको आहे, महिन्यातून एकदा डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात जाऊन किराणा आणतो, नोकरीत लोक मान देतात. पण ह्यासाठी तुला द्यावं, एवढा काही मी नव्हतो गं. आमच्या टेबलावर तुझा आणि माझा कागद आला असता तर मी म्हणालो असतो, बाईला ठेवा, पोरगं वर्षभर थांबेल.

तर काल काय झालं ते सांगायला बसलो होतो. तो मुलगा यंदा खालच्या, शिकाऊ टीममधून मोठ्या टीममध्ये आला. सुरेख खेळतोय, माझे आलेख बरोबर निघाले. काल दुपारी तो माझ्या दारात आला, जिथे कॅचर उभा राहिला होता अगदी तिथे. इंग्लिश बरंच सुधारलंय. त्याला कुणाकडून तरी जुलैची गोष्ट कळली होती. म्हणाला, "खरं आहे का? मला दिलं असतं तर तो फायनल खेळला असता?" मी म्हणालो, कदाचित. नक्की कुणीच सांगू शकत नाही.  मग म्हणाला, "मी गेलो असतो. त्याच्याकडे एकच वर्ष होतं. माझ्याकडे तर पुष्कळ आहेत. मला विचारलं का नाही?" मी मान खाली घातली. पद्धत नाही, असं काहीतरी पुटपुटलो. त्याने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत, तसाच निघून गेला. मी दार लावून घेतलं.

घरी आलो तर बायको पोळ्या करत होती. ती नागपूरची, तिच्यापासून काही लपत नाही. "काय झालं? तोंड काऊन असं?" मी सगळं सांगितलं, त्या मुलाचं, कॅचरचं, मग ओघात तुझंही, आणि शेवटी ओरडलोच, की मलाही कुणी विचारलं नाही! तिने तव्यावरची पोळी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "अन् विचारलं असतं तर? थांबला असतास तू?"

"म्हणजे काय! थांबलोच असतो." मी ताडकन म्हणालो. तिने पोळीला तूप लावून माझ्या ताटात वाढली.

आई, त्या उन्हाळ्यात व्हिसाची तारीख एकदा पुढे गेली होती. आठवतं? मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तू ताट घेऊन दाराशी उभी राहिलीस आणि मी म्हणालो, तुम्हाला काय कळतंय, माझं आयुष्य अडकलंय इथे. तेव्हा गाठ तुझ्या अंगात होती. तू ताट खाली ठेवून गेलीस. तुला तेव्हाच कळलं असणार. तू विचारलं असतंस, तर मी एकदा नको म्हणालो असतो. तू म्हणाली असतीस, अरे जा, काही होत नाही मला. आणि दुसऱ्यांदा मी बॅग भरली असती. ते तुला बघायचं नव्हतं, मलाही बघू द्यायचं नव्हतं. म्हणून तू विचारलं नाहीस. त्या मुलापुढे काल मला मान वर करता आली नाही ती याच्यामुळे.

हे रविवारी बाबांना फोनवर वाचून दाखवावं म्हणून मराठीत लिहायला बसलो होतो. ते आता रोजचा चहा त्या निळ्या फुलांच्या कपातच पितात. कुणासाठी ठेवायचे, म्हणतात. वाचून दाखवणार नाही. ते येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगत असतात, की पोराला नुसतं कळायला हवं होतं, तो गेलाच नसता.