विनूची कावीळ

७ मार्च, अकोला
धाकटा भाऊ विनू अंजनगावहून आला. डोळे हळदीसारखे. अर्धी रजा टाकून त्याला पातूरकडे माळवाल्या बाबाकडे नेलं. आमच्या आईची कावीळ तिथेच उतरली होती. विनूची बायको मीना फोनवर म्हणत होती, "ताई, आधी दवाखान्यात दाखवा." मीच म्हटलं, काविळीले डॉक्टर काय करते!

२२ मार्च
बाबाने गळ्यात घातलेली माळ लांबत गेली, म्हणजे कावीळ उतरतेय म्हणे; विनू पिवळाच. "ताई, कातडं सोलून फेकावं वाटते." सारखी खाज. लघवी काळ्या चहासारखी, संडास पांढरट. आज सोनोग्राफी. डॉ.नी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. यकृतातल्या पित्तनळ्या फुगल्यात, पुढे वाट बंद. साधी कावीळ नाही.

२५ मार्च, अमरावती
एमआरआय झाला. पोटाच्या डॉ.नी कागदावर फांद्या काढल्या. उजवी-डावी पित्तनळी मिळते तिथेच गाठ. क्वचित होते म्हणे.
"मलेच काहून? मी तं दारूले शिवलोबी नाही."
कारण बहुतेकदा सापडतच नाही, डॉ. म्हणाले. तोंडातून दुर्बीण घालून नळी बसवली. नमुना तपासायला गेला.

२ एप्रिल
कॅन्सरच.
डॉ.ना एकटीने गाठलं. पंधरा दिवस आधी आलो असतो तर?
"या गाठीत तेवढ्याने फार फरक पडत नाही, मॅडम."
बोलताना नजर फाइलीत होती. मीना बाहेर बाकावर संत्रं सोलत बसलेली. तिने अजून एकदाही मला बोल लावला नाही. लावला असता तर निदान…

११ एप्रिल, अकोला
खाज थांबली. डोळे निवळले. विनूने वरण-भात मागून खाल्ला. मीना किती दिवसांनी हसली. मला बघवेना. नळीने पित्ताची वाट मोकळी झालीय, गाठ तिथेच आहे.

१६ एप्रिल
सर्जन म्हणाले, निम्मं यकृत काढावं लागेल. तेही पोट उघडल्यावर ठरणार. गाठ मोठ्या शिरेत शिरलेली निघाली तर तसंच शिवून टाकतील. नाही केलं तर किमो. किती दिवस, ते सांगत नाहीत.
विनू म्हणाला, "करून टाकू."
मीना म्हणाली, "नाही. नुसतं फाडून शिवलं तं? हायेत ते दिवस घरी राहू द्या यांले."
विनू माझ्याकडे वळला. "ताई, तू सांग. तू म्हणशीन ते."
मीना फक्त माझ्याकडे बघत राहिली.
उद्या दुपारपर्यंत कळवायचंय.
चहा टाकते म्हणून आत आले. ओट्यावर वही ठेवून लिहून राहिले. पाणी दोनदा आटलं. बाहेर दोघंही माझी वाट बघत बसून आहेत.