पगाराच्या रकान्याबाहेर

६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

काल टीव्हीवर तुमच्या सांख्यिकी खात्याचा आकडा सांगितला. देशाच्या उत्पन्नात कामगारांच्या पगाराचा वाटा पुन्हा घसरला म्हणे. तुझी वहिनी शेजारणीला ऐटीत सांगून आली, की हा आकडा आमच्या वन्संनीच काढला. घसरवला असं म्हणाली नाही, हे नशीब!

इकडे लिफ्ट कंपनीत नवी टूम निघाली आहे. आम्हा सगळ्या मेकॅनिकांना नोकरीतून मोकळं करून ‘स्वतंत्र व्यावसायिक’ करणार. लिफ्ट त्याच, इमारती त्याच, अंगातला निळा शर्टही तोच. फक्त पगार बंद, आम्हीच बिल द्यायचं. साहेब हसत म्हणाले, की आता तुम्हीही मालक. सही करू का? लगेच कळव.

माया आहेच, ती पत्रातही उतरू दे.
तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सही करू नकोस. देश वर्षभरात जे कमावतो, त्यातलं राबणाऱ्यांच्या हातात पगार म्हणून किती पडलं, तेवढंच माझ्या तक्त्यात येतं. सही केलीस, की तू त्या रकान्यातून उठून मालकांच्या रकान्यात जाऊन बसशील, आणि तिथे तुला काळं कुत्रं विचारणार नाही. रजा, औषधपाणी, अपघाताची भरपाई, सगळं पगाराबरोबरच जातं. ओळखीच्या वकिलांना विचारते. तोवर काहीतरी सबब सांग. शाळा चुकवायला तुझं पोट दुखायचं, तसं दुखू दे.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण ऐक.
तुझी,
चिमणी


१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तोवर सही होऊन गेली होती. जे दोघे अडून बसले, त्यांची कार्डं दुसऱ्या दिवशी फाटकावर चाललीच नाहीत. पहारेकऱ्याने तोंड फिरवलं. तोही आता कंत्राटीच.

तुझी वहिनी मला शेठ म्हणते आणि भाजी आणायला पिटाळते. पूर्वी लिफ्टच्या डोक्यावर दोघं चढायचो. आता एकटाच चढतो. जोडीला माणूस हवा, तर त्याचे पैसे शेठनेच द्यायचे. वकिलांना उगाच त्रास देऊ नकोस.

आठवण ठेव, काळजी नको.
दादा


३ जून

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

घाबरू नका, जीव वाचला आहे. यांचा उजवा हात लिफ्टच्या दोरात सापडला. वर हे एकटेच होते. खाली बटण बंद करायला कुणी नव्हतं. तीन बोटं गेली.

कंपनीचा माणूस फळं घेऊन आला होता. फार गोड बोलला. म्हणाला, की नोकर असते तर भरपाई दिली असती, पण हे तर मालक. मालकांनी आपला विमा आपणच काढायचा असतो. हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. वन्सं, तुमच्या खात्यात सगळ्यांची नोंद असते ना? मग कुणालातरी सांगा.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
वहिनी


१४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वकील म्हणाले, सही स्वच्छ आहे, आपले हात बांधलेले आहेत. मग मी आमच्या साहेबांकडे गेले. भला माणूस. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की आपलं खातं मोजतं. देत काहीच नाही.

यंदा मोजायची पद्धत बदलली. एकट्याने धंदा करणाऱ्यांच्या कमाईचा बराचसा भाग आता श्रमाचाच धरतात. कितीतरी दिवस मीच त्यासाठी भांडत होते. त्यामुळे कामगारांचा वाटा एकदम चढला. पत्रकारांनी विचारलं, की कामगारांना बरे दिवस आले का? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणाले, की आकडा बरोबर आहे. दादा, तो खरंच बरोबर आहे, आणि तेच मला सहन होत नाही. राजीनामा लिहून ठेवला आहे. शनिवारी येते.

तुझ्या मायेला पात्र आहे की नाही कोण जाणे,
चिमणी


१८ जून

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. राजीनामा फाडून टाक. तुझी वहिनी कालपासून घरोघरी कपडे इस्त्री करायला जाते, तीसुद्धा म्हणे ‘स्वतंत्र व्यावसायिक’. घरात एकीचा तरी पगार, पगार म्हणून येऊ दे.

दादा