दाजींच्या लॉजवरचा आईचा फोटो

कृष्णराज दाजींना,

कळंबहून तुमच्या एकुलत्या एका मेव्हण्याचा वाकून नमस्कार. तुळजापुरात सगळे खुशाल असतील, ताईचे गुडघे बरे असतील, लॉज भरलेलं असेल, असं धरून चालतो. (पत्र अशासाठी, की फोन तुम्ही स्पीकरवर टाकता. ताई नागपंचमीपासून माझ्याशी दोन शब्दांपलीकडं बोलत नाही. कामात असेल.) इथं अण्णा बरे आहेत, म्हणजे जेवतात. आई जाऊन पुढच्या गुरुवारी वर्ष होतंय.

तर कामाचं. माझ्या फ्लेक्सच्या दुकानाचं मी एक वेब पान केलंय. गिऱ्हाईकानं फोटोची लिंक टाकायची, हार निवडायचा, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आपोआप येतं, बटण दाबलं की कार्ड मोबाइलात. (उन्हाळ्यात धंदा जोरात चालतो. वाईट वाटतं, पण चालतो.) अख्ख्या तालुक्याची माणसं मी हारात बसवली, तेव्हा वर्षश्राद्धाला आईचं कार्ड आपणच करावं, हे ओघानं आलं. आता आईचा हसरा फोटो जगात एकच, तुमच्या लॉजच्या वेबसाइटवर, 'आमचे समाधानी भाविक' या मथळ्याखाली. पायरीवर बसून हसतेय. (ती लेकीकडं आली होती, लॉजची खोली तिनं आतून बघितलीही नव्हती.)

लिंक टाकली. आई आली, हार आला, समई आली. बटण दाबलं, काही उतरेना. पानाच्या मागं, चुका दिसतात तिथं, लाल अक्षरांत सुरक्षेची तक्रार: फोटो परक्या घरचा आहे, बघायला हरकत नाही, पण त्या घरानं होकार दिल्याशिवाय त्याचं कार्ड नेता येणार नाही. परकं घर म्हणजे तुमचं! व्हिडिओ बघून बघून मी 'क्रॉसओरिजिन' नावाचा शब्द माझ्या पानात घातला. त्यानं झालं असं, की ब्राउझरनं तुमच्या सर्व्हरला रीतसर विचारलं, सर्व्हरनं होकार काही कळवला नाही, आणि आई दिसायचीही बंद झाली. हार जिथल्या तिथं, समई तेवतेय, मधे नुसतं पांढरं. नेमके अण्णा पाठीमागं उभे. "हितनं बी गेली का?" म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. दाजी, स्मशानातही मी एवढा रडलो नव्हतो.

मग स्क्रीनशॉट काढला. अण्णा चष्मा लावून म्हणाले, "आरं, तिच्या डोस्क्यावर बॅटरी कशाला? सतराच टक्के ऱ्हायलीय." तेवढं कापलं, तर फ्लेक्सएवढा मोठा करताना आईचे दात नि कुंकू एक झाले. शेवटी एका फुकटच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत फोटो मागवला. होकाराची चिठ्ठी तो स्वतःच लावून देतो. कार्ड उतरलं! घाईघाईनं भावकीच्या ग्रुपवर टाकलं आणि मग बघितलं. हारात आईच्या जागी मध्यस्थाची पाटी: 'आजचा कोटा संपला'. त्याखाली कै. धुरपदाबाई. चौतीस जणांनी हात जोडले, एकानंही काही विचारलं नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की तुमच्या सर्व्हरवर होकाराची एक ओळ टाका, म्हणजे कळंबच्या पानाला हा फोटो नेता येईल. गुरुवारच्या आत जमवा.

तुमचा,
इंद्रजित

ता. क. वरची विनंती रद्द. शेजारच्या वाशीचा सिद्धलिंग, कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो, येऊन पोट धरून हसला. म्हणाला, "आरं, फोटो आधी उतरवून तुझ्याच पानावर ठिव. मग कुणाला इचारायचं?" दोन मिनिटांत झालं. अण्णांनी कार्ड मघापासून हातात धरून ठेवलंय.

ता. क. २. मग पत्र कशाला टाकतोय? दर पंचमीला आई मला मुराळी म्हणून ताईला माहेरी आणायला धाडायची. यंदा घरात दुखवटा, सण नाही, मग मुराळी कशाला जायचा, असं मी आपला धरून चाललो. परवा तुमच्या वैष्णवीनं कळवलं, की तिची आई पंचमीला पिशवी भरून संध्याकाळपर्यंत दारात बसली होती. मला फार लाज वाटते, दाजी. फोटो हे निमित्त होतं.

ता. क. ३. बुधवारी सकाळच्या एसटीनं येतोय. ताईला कार्डाचं काही बोलू नका. मुराळी येतोय, पिशवी भर, एवढंच सांगा. नाही म्हणाली, तर लॉजच्या त्या पायरीवर बसून राहतो, आई बसली होती तिथं.