फिल्टरला पाजलेलं तेल

३ मार्च
बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी आज मला आणि बायकोला, नीलूला, साफ सांगितलं. बाळ आडवं, नीलूचं बीपी वर. कळा सुरू झाल्या की इथे यायचंच नाही, थेट पालघर. आणि आमची गाडी म्हणजे खटारा, एसी लावला की चढावर रडते.

५ मार्च
सरावलीचा संदेश, कंपनीत माझ्याच शिफ्टला. म्हणाला, "एअर फिल्टरचा डबा काढून टाक, उघडा फिल्टर लाव. इंजिन मोकळा श्वास घेईल. पिकअप डबल!" सुटीत दोघांनी बसवला. आवाज! वाघच.
नीलू अंगणातून, "आवाज वाढला. गाडी तवडीच हाय."
बायकांना गाडीतलं काय कळतं, म्हणालो. मनात. मोठ्याने म्हणायची टाप नाही.

९ मार्च
पिकअप होता तेवढाच. उलट बॉनेटखालची गरम हवाच ओढतो बहुतेक. संदेशला अजून सांगितलं नाही.
बाबांनी फिल्टर हातात घेऊन पाहिला. "सुती हाय. खाऱ्या वाऱ्यात तेलाबिगर काय टिकलंय? पाज त्याला."
खोक्यावर लिहिलं होतं, तेलाचा हलका फवारा. पण आमच्या मुरबे गावात तेल लावायचं म्हणजे निथळेपर्यंत, बोटीच्या इंजिनापासून दाराच्या कडीपर्यंत. बाबांनी धरला, मी ओतलं.

१२ मार्च
धक्के खाते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दम तोडते. पिवळा दिवा लागलाय, विझत नाही. नीलूचे पाय सुजलेत.
"गाडी नीट हाय ना?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार...

१४ मार्च
बोईसर, गॅरेज. मिस्त्री हसलाच. "भाई, फिल्टर को नहलाया है क्या? सारा तेल उड़के सेन्सर पे बैठा है."
किती हवा आत गेली ते मोजणारा सेन्सर आंधळा झाला, म्हणून पेट्रोल किती द्यायचं ते इंजिनाला कळत नाही. धुऊन पाहिला, गेलाच. नवीन मागवलाय. "पुराना डब्बा ले आ, नहीं तो नया भी मरेगा."
जुना डबा बाबांनी कापला. होडीतलं पाणी उपसायला! डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. कोणाचं ते ठरत नाही.

१७ मार्च
सेन्सर आला नाही. सकाळीच कळा. अ‍ॅम्ब्युलन्सवाला 'निघालो, निघालो' करतोय. शेवटी नीलूला आणि आईला मागे बसवून मीच निघालो. पहिल्याच चढावर गाडी बसली, रस्त्यात आडवी.

मागून गावातलाच मासळीचा टेम्पो आला. नीलूला केबिनमध्ये घेतलं, आई तिला धरून. मी मागे बर्फाच्या पेट्यांवर चढतोय तोच मागे अडकलेल्या एसटीचा ड्रायव्हर ओरडला, "अहो, आधी गाडी हटवा!" टेम्पो कडेने निघू शकत होता, त्याला किती वेळ थांबवणार? मीच म्हणालो, जा तुम्ही. नीलूने काचेतून पाहिलं फक्त.

ढकलून कडेला घेतली. आता एकही रिक्षा थांबत नाही. मोबाइलवर लिहितोय, नाहीतर वेड लागेल. किल्ली फिरवून पाहिली, तर चालू झाली. उभ्या उभ्या मजेत गुरगुरते. ओझं पडलं की मरते. देवा, तिला काही होऊ देऊ नकोस.

आईचा फोन. "डॉक्टर तुजी सही मागतात. कवा येतोस?"
"नीलू कशी आहे?"
आई काहीतरी बोलली. या फिल्टरच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

इंजिन बंद केलं. परत फोन लावतोय. आई उचलत नाही.